मलवाहिनीतील जागा कोणाची? नव्या घरांवरील 'क्षमता-शुल्का'चा इतिहास आणि हिशेब (थ्रेड)

१/
अमेरिकेतील वाढत्या शहरात नवे घर बांधणाऱ्याला बांधकाम परवान्याच्या सुमारास एक वेगळे बिल भरावे लागते. त्यावर 'सांडपाणी क्षमता-शुल्क' अशा अर्थाचे शीर्षक असते. रस्ता खणून घराची नळी मुख्य वाहिनीला जोडण्याचा खर्च त्यात धरलेला नसतो, तो निराळा. हे पैसे शहराच्या मलवाहिन्यांत आणि मलप्रक्रिया केंद्रात त्या घरासाठी राखल्या जाणाऱ्या जागेचे असतात. घरात अजून कोणी राहायला आलेले नसते, नळ एकदाही उघडलेला नसतो; तरी ही रक्कम अनेक ठिकाणी हजारो डॉलरपर्यंत जाते.

२/
ही रक्कम सूत्राने काढली जाते, म्हणून ती निव्वळ गणिताची बाब वाटते. प्रत्यक्षात त्या सूत्रात एक जुना राजकीय प्रश्न दडलेला आहे. जे आधी आले त्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या सोयीत नंतर येणाऱ्याने काय भरून प्रवेश करावा? हा थ्रेड त्या प्रश्नाचा इतिहास मांडतो आणि एक भूमिकाही घेतो: असे शुल्क न्याय्य असू शकते, परंतु त्याचा हिशेब उघडा असेल आणि योग्य त्या वजावटी करून केलेला असेल, तरच.

३/
आरंभ इंग्लंडमध्ये होतो. १५३१ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात 'स्टॅट्यूट ऑफ सूअर्स' हा कायदा झाला. त्या काळी 'सूअर' या शब्दाचा अर्थ घरातील मैला वाहून नेणारी वाहिनी असा नव्हता. दलदलीच्या जमिनीतील पाणी वाहून नेणारे चर, नदीकाठचे आणि समुद्राकाठचे बांध हे सारे त्यात येत. कायद्याने आयुक्त नेमले आणि या कामांचा खर्च त्यांपासून लाभ होणाऱ्या जमीनधारकांकडून वसूल करण्याचा अधिकार त्यांना दिला. ज्याचा लाभ त्याचा भार, हे तत्त्व इथे कायद्यात दिसते.

४/
पण लाभ कोणाचा, हे कोणी ठरवायचे? १५९८ च्या 'रूक' खटल्यात हाच वाद उभा राहिला. टेम्स नदीच्या बांधाच्या दुरुस्तीचा सारा खर्च आयुक्तांनी बांधाला लागून जमीन असलेल्या एकाच माणसावर लादला होता. बांध फुटला असता तर इतरांच्या जमिनीही पाण्याखाली गेल्या असत्या. एडवर्ड कोकच्या निर्णयसंग्रहात नोंदल्या गेलेल्या या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की आयुक्तांचा विवेकाधिकार म्हणजे मनमानी नव्हे. ज्यांना ज्यांना लाभ होतो त्या सर्वांवर भार वाटला गेला पाहिजे.

५/
रूक खटल्याचे महत्त्व इथे आहे. जो सहज सापडतो, ज्याचे दार पहिल्यांदा लागते, त्याच्याकडूनच सगळे पैसे घेण्याचा मोह प्रत्येक काळातील प्रशासनाला होतो. १५९८ मध्ये तो माणूस बांधाशेजारचा शेतकरी होता. विसाव्या शतकातील अमेरिकेत तो परवाना मागायला आलेला नवा घरबांधक झाला. दोघांचीही अडचण एकच: दोघेही एकेकटे गाठता येतात.

६/
एकोणिसाव्या शतकातील लंडनने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाजही असह्य झाले. त्या 'ग्रेट स्टिंक'नंतर जोसेफ बॅझलजेटच्या प्रचंड मलवाहिनी योजनेला पैसे मिळाले ते कर्जातून. ३० लाख पौंड उभारण्याची मुभा मिळाली आणि त्याची फेड लंडनच्या मालमत्ताधारकांवर पौंडामागे ३ पेन्स या दराने ४० वर्षे पट्टी लावून करण्याचे ठरले.

७/
त्या ४० वर्षांत मोठा अर्थ आहे. बॅझलजेटने वाहिन्या आखताना तेव्हाच्या लोकसंख्येपेक्षा पुष्कळ अधिक वस्ती गृहीत धरली होती. म्हणजे १८६० च्या दशकात बांधलेल्या वाहिनीतील बरीच जागा पुढे येणाऱ्यांसाठी होती. १८९० मध्ये लंडनमध्ये घर घेणारा त्या जागेचे पैसे देत होताच, परंतु वर्षावर्षाने आणि शेजाऱ्याच्याच दराने. दारात उभे करून त्याच्याकडून एकरकमी वसुली झाली नाही. दीर्घ मुदतीच्या कर्जाने पिढ्यांमधील हिशेब आपोआप जुळवला होता.

८/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांची लाट आली आणि हा जुना हिशेब डळमळू लागला. फ्लोरिडातील पिनेलस काउंटी हे त्याचे ठळक उदाहरण. १९५० मध्ये तिची लोकसंख्या सुमारे १ लाख ५९ हजार होती. १९७० मध्ये ती ५ लाख २२ हजारांवर गेली. वीस वर्षांत तिपटीहून अधिक. ज्यांनी एका लहान गावासाठी कर्ज काढले होते, त्यांना दुसऱ्या, तिसऱ्या केंद्रासाठीही आपल्याच मासिक बिलातून पैसे द्यायचे होते.

९/
याच काउंटीत मेक्सिकोच्या आखातालगत डनेडिन नावाचे शहर आहे. स्कॉटिश लोकांनी आपल्या एडिंबराच्या गेलिक नावावरून त्याचे नाव ठेवले. १९७० च्या दशकाच्या आरंभी या शहराने पाणी आणि मलनिस्सारणाच्या नव्या जोडण्यांवर शुल्क लावले. ते जोडणीच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक होते. वरचा पैसा यंत्रणेच्या विस्तारासाठी होता. काउंटीतील बांधकाम व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली. १९७६ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. क्षमता-शुल्काच्या इतिहासातील हा मैलाचा दगड मानला जातो.

१०/
बांधकाम व्यावसायिकांचा युक्तिवाद सरळ होता: हे शुल्क नसून वेषांतर केलेला कर आहे, आणि राज्याच्या कायद्याप्रमाणे शहराला असा कर लावण्याचा अधिकारच नाही. न्यायालयाने तत्त्वतः शहराची बाजू मान्य केली. विस्ताराची खरोखर गरज असेल, शुल्क त्या खर्चातील नव्या ग्राहकाच्या प्रमाणशीर वाट्याहून अधिक नसेल आणि पैसा विस्तारावरच खर्च होणार असेल, तर असे शुल्क कर ठरत नाही.

११/
तरीही डनेडिनचा तो अध्यादेश टिकला नाही. कारण जमा होणारा पैसा फक्त विस्तारासाठीच वापरला जाईल, असे बंधन त्यात लिहिलेले नव्हते. तत्त्व जिंकले आणि शहर हरले. त्याहून महत्त्वाची ठरली ती निकालातील एक मर्यादा: नव्या ग्राहकांमुळे जेवढी नवी सोय लागते तेवढ्याचाच भार त्यांच्यावर टाकावा. जी सोय कोणत्याही परिस्थितीत बांधावीच लागली असती, तिचे पैसे केवळ नव्यांकडून घेतले तर जुन्यांना फुकटचा लाभ होतो.

१२/
हा शेवटचा विचार अनेकदा विसरला जातो. 'वाढीने वाढीचा खर्च भरावा' ही घोषणा लोकप्रिय आहे आणि ती अर्धी बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग असा: वाढीने जुन्या दुर्लक्षाचा खर्च भरू नये. चाळीस वर्षे दुरुस्त न केलेली, पावसाळी पाणी झिरपू देणारी वाहिनी बदलण्याचे पैसे नव्या घराच्या परवान्यातून काढणे, म्हणजे रूकच्या बांधाची गोष्ट पुन्हा सांगणे होय.

१३/
पाच वर्षांनी, १९८१ मध्ये, युटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ जॉर्डन शहराच्या शुल्कांसंबंधीच्या 'बॅनबेरी' खटल्यात हिशेबाची चौकटच आखून दिली. अस्तित्वातील सोयींचा खर्च किती? तो कशातून भागवला गेला? नव्या आणि जुन्या मालमत्तांनी आतापर्यंत किती भरले, आणि पुढे किती भरतील? विकासकाने स्वतः बांधून दिलेल्या सोयींची वजावट मिळाली का? वेगवेगळ्या काळी दिलेल्या पैशांचे मूल्य समान पातळीवर आणले का? अशी सात परिमाणे तिथे दिली गेली.

१४/
दरम्यान पैशाचे मूळ झरे आटू लागले होते. १९७२ च्या संघीय जलप्रदूषण कायद्याने, निक्सन यांचा नकाराधिकार संसदेने धुडकावल्यानंतर, मलप्रक्रिया केंद्रांच्या बांधकामाचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार अनुदान म्हणून देऊ लागले. १९८१ च्या दुरुस्तीने हा वाटा पुढे ५५ टक्क्यांवर आणला. १९८७ मध्ये अनुदानाची जागा राज्यांच्या फिरत्या कर्जनिधीने घ्यावी असे ठरले. अनुदान गेले, कर्ज आले; आणि कर्ज कोणीतरी फेडावे लागते.

१५/
कॅलिफोर्नियात दुसरा दरवाजाही बंद झाला. जून १९७८ मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केले. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यापुरता मर्यादित झाला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत मूल्यांकनात वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढ करता येईना. जुन्या घरमालकांना संरक्षण मिळाले. नगरपालिकांनी मग जिथे मतदार नव्हता तिथे पाहिले. नव्या बांधकामावरील शुल्के अमेरिकेत या दशकांत पसरली, त्यामागे अभियांत्रिकीइतकेच हे राजकारणही आहे.

१६/
आता प्रत्यक्ष हिशेब. एक काल्पनिक शहर घ्यावे. त्याच्या मलप्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला १ कोटी लिटर. एका सर्वसाधारण घरासाठी ८०० लिटर धरले, तर केंद्रात १२,५०० घरांची जागा होते. घसारा वजा जाता यंत्रणेचे आजचे मूल्य ४ कोटी डॉलर. भागाकार सोपा आहे: घरामागे ३,२०० डॉलर. याला 'खरेदी-प्रवेश' पद्धत म्हणता येईल, कारण नवा ग्राहक जुन्यांनी उभारलेल्या मालमत्तेत आपला हिस्सा विकत घेतो. बरीच शहरे इथेच थांबू इच्छितात.

१७/
इथे थांबणे चूक आहे. त्या ४ कोटींपैकी १ कोटी संघीय अनुदानाचे असतील, तर ते पैसे शहरातील जुन्या रहिवाशांनी दिलेले नाहीत. ते देशभरातील करदात्यांनी दिले. कदाचित नव्या घरमालकाच्या आईवडिलांनीही. जे जुन्यांनी भरले नाही ते त्यांना विकता येत नाही. अनुदान वजा केले की ३ कोटी उरतात आणि शुल्क २,४०० डॉलरवर येते. काही लेखापाल ही वजावट मान्य करत नाहीत; पण 'हिस्सा विकत घेणे' ही भाषा वापरायची असेल, तर हिस्सा विकणाऱ्याच्या मालकीचा असावा लागतो.

१८/
दुसरी वजावट कर्जाची. उरलेल्या रकमेपैकी १ कोटीचे कर्ज अजून फेडायचे असेल, तर त्याचे हप्ते दर महिन्याच्या सांडपाणी बिलातून जातात. नवा ग्राहकही उद्यापासून तेच बिल भरणार. शुल्कातही तो भाग घेतला, तर एकाच विटेचे पैसे त्याने दोनदा दिले. 'बॅनबेरी'ने भविष्यात भरल्या जाणाऱ्या पैशांचा विचार करायला सांगितले, ते याचसाठी. कर्ज वजा केल्यावर २ कोटी उरतात. शुल्क १,६०० डॉलर. केंद्र तेच, घर तेच, आणि आकडा निम्मा.

१९/
दुसरी पद्धत पुढच्या खर्चाकडे पाहते. समजा शहर आणखी २० लाख लिटरची क्षमता १ कोटी ६० लाख डॉलरमध्ये बांधणार आहे. त्यात २,५०० घरे बसतील, म्हणून घरामागे ६,४०० डॉलर. जुन्या क्षमतेच्या चौपट! पण त्या कामाचा निम्मा खर्च पाणी अधिक शुद्ध करण्याच्या नव्या नियमांमुळे, म्हणजे साऱ्या शहरासाठी होत असेल, तर डनेडिनच्या मर्यादेप्रमाणे तो निम्मा सर्वांच्या बिलात गेला पाहिजे. मग नव्या घराच्या वाट्याला ३,२०० डॉलर येतात.

२०/
तिसरी पद्धत दोहोंची सांगड घालते. त्याच शहराच्या जुन्या केंद्रात ५,००० घरांची जागा शिल्लक असेल आणि विस्तार निव्वळ वाढीसाठी असेल, तर ५,००० घरांना १,६०० आणि २,५०० घरांना ६,४०० या दरांची भारित सरासरी काढता येते. ती येते ३,२०० डॉलर. मात्र दोन्ही दरांची बेरीज करून प्रत्येक घराकडून ८,००० डॉलर मागणे उघड अन्याय ठरेल. कारण एकच घर दोन जागा व्यापत नाही.

२१/
आणखी एक प्रश्न बाकी राहतो: 'एक घर' म्हणजे काय? अनेक शहरे पाण्याच्या मीटरच्या आकारावरून एकके मोजतात. ५/८ इंची मीटर म्हणजे १ एकक धरले, तर १ इंची मीटर २.५ आणि २ इंची मीटर ८ एकके. व्यापारी इमारतींना हे बरे जमते. परंतु लहान सदनिका आणि सहा शयनगृहांचा बंगला या दोघांनाही एकच एकक लावले, तर लहान घर मोठ्या घराचे ओझे वाहते. शुल्काचा भार तिथे पडतो, जिथे तो पेलण्याची ताकद सर्वांत कमी असते.

२२/
हे मान्य झाल्याची उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियात मूळ घराच्या आवारात बांधल्या जाणाऱ्या छोट्या दुय्यम घरावर जोडणी किंवा क्षमता-शुल्क लावायचे असेल, तर ते घराच्या क्षेत्रफळाच्या अथवा त्यातील न्हाणीघर, शौचकूप, मोरी यांसारख्या निचरा-साधनांच्या संख्येच्या प्रमाणात असावे, असे राज्याचा कायदा सांगतो. जे तत्त्व अंगणातील खोलीला लागू होते ते सदनिकेला लागू न होण्याचे कारण दिसत नाही.

२३/
जुन्या रहिवाशाची बाजूही खोटी नाही. निवृत्त होऊन ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्या माणसाने आपल्या वाट्याचे कर्ज फेडलेले असते. शेजारच्या माळावर कोणी पाचशे घरे बांधून नफा कमावणार, आणि त्यासाठी त्याचे मासिक बिल दुप्पट व्हावे, हे त्याला का पटावे? शुल्क मुळीच नसेल, तर शहराची वाढ जुन्यांच्या खिशातून होते. म्हणून शुल्क रद्द करा, ही मागणी या इतिहासातून निघत नाही.

२४/
पण दोन बाजूंत एक मोठा भेद आहे. जुना रहिवासी मतदान करतो. महापालिकेच्या सभेत येतो, बिल वाढले की आवाज उठवतो. जो अजून गावात आलेलाच नाही, त्याला त्या सभेत मत नसते. विकासक त्याच्या वतीने बोलतो असे म्हणावे, तर विकासक शुल्काचा जमेल तेवढा भाग घराच्या किमतीत घालून मोकळा होतो. मत नसलेल्या माणसाचे संरक्षण एकाच गोष्टीने होऊ शकते: ज्याची कोणीही तपासणी करू शकेल असा हिशेब.

२५/
टेक्सासने १९८७ मध्ये याची दखल घेतली. या शुल्कांसाठी स्वतंत्र राज्य कायदा करणारे ते पहिले राज्य. भावी वाढीचा अंदाज जास्तीत जास्त दहा वर्षांचा, त्यानुसार कामांची यादी, सल्लागार समिती, जाहीर सुनावणी, आणि मुदतीत न वापरलेल्या पैशांचा परतावा, असा आराखडा तिथे आहे. नवा ग्राहक पुढे बिलांतून व करांतून जे भरणार त्याची वजावट मोजावी, अन्यथा सरसकट निम्मी सूट द्यावी, असेही आज त्या कायद्यात आहे.

२६/
२०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एल डोराडो काउंटीचा खटला आला. तयार साच्याचे घर उभारणाऱ्या जॉर्ज शीट्झ यांच्याकडून रस्ते-वाहतुकीसाठी २३,४२० डॉलर घेतले गेले होते. न्यायालयाने एकमताने म्हटले, की केवळ विधिमंडळाने सर्वांसाठी ठरवले म्हणून शुल्क घटनात्मक कसोटीतून सुटत नाही. मात्र एका वर्गासाठी ठरवलेला दर प्रत्येक घराला किती नेमका जुळला पाहिजे, हा प्रश्न तिथे खुलाच राहिला. विषय रस्त्यांचा होता, प्रश्न रूकचाच.

२७/
महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. आज त्याचा दर रेडी रेकनरमधील मूल्याच्या टक्केवारीशी बांधलेला आहे. ही पद्धत सोपी आहे आणि हे शुल्क एकट्या मलनिस्सारणासाठी नाही, हेही खरे. तरी जमिनीची किंमत वाढली म्हणून त्या घरातून निघणारे सांडपाणी वाढत नाही. किमतीवरचा दर क्षमतेविषयी काहीच सांगत नाही.

२८/
लंडनने मलवाहिनीचे पैसे ४० वर्षांत आणि सर्वांकडून घेतले. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी अमेरिकी शहरे ते एका दिवसात आणि एकाकडून घेऊ लागली. दोन्ही पद्धतींत न्याय शक्य आहे. पण दुसरीत चुकीला जागा फार, आणि ती चूक पहिले घर घेणाऱ्या तरुणाच्या वाट्याला येते. १,६०० की ३,२००, हे ठरवणाऱ्या वजावटींच्या ओळी म्हणूनच अंदाजपत्रकाच्या परिशिष्टात दडता कामा नयेत. त्या परवान्याच्या बिलावरच छापल्या जाव्यात.

(समाप्त)